पावसात फाटणारं चित्र आणि अंगणात उतरवलेली डिश: कामाच्या नोंदी

8 जून 2025

घर लांजा तालुक्यात, चिऱ्याचं आणि कौलारू. टीव्ही 32 इंची एलईडी, वर डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री वाहिनी मिळते, एवढ्यावर आमचं समाधान आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सह्याद्रीच्या सातच्या बातम्या चुकलेल्या चालत नाहीत. यंदा पाऊस मे संपायच्या आतच कोसळला आणि तेव्हापासून टीव्ही धड चालेना. दुकानातून आलेल्या मुलाने वर चढून डिश हलवली, दोनशे रुपये घेतले. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. म्हणून आता स्वतःच मागे लागले आहे. वाडीत अजून चारजणांची हीच तक्रार आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते.

"टीव्ही नीट दिसत नाही" एवढ्यावर काही कळत नाही. वहीत लिहायला बसल्यावर लक्षात आलं की तक्रारी चार आहेत. वारा-पाऊस असला की चित्रात चौकोन येतात, आवाज कापला जातो. संध्याकाळी बॉक्स आपोआप बंद होऊन चालू होतो. शेजारच्यांकडे दिसणारी काही चॅनेलं आमच्याकडे येतच नाहीत. आणि सगळं ठीक असतानाही चित्र धुरकट, माणसांचे चेहरे आडवे पसरलेले. चारही गोष्टींचं कारण एकच असेल असं धरून आजवर डिशच हलवली जात होती.

जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, एकाच्या दोन आकृत्या दिसायच्या, पण क्रिकेट बघता यायचं. डिजिटलमध्ये सिग्नल एका पातळीच्या वर असेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ, आणि खाली गेला की एकदम फुटतं. मधलं काही नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये चित्र छान होतं म्हणजे डिश नीट लागलेली होती, असं म्हणता येत नाही. तेव्हाही ती काठावर असू शकते.

11 जून

आधी घरातलं घरात तपासलं. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं, तिथे दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. आमच्याकडे स्ट्रेंथ 80 च्या वर आणि क्वालिटी 30 ते 38 मध्ये खालीवर. दुकानातला मुलगा स्ट्रेंथ बघून "सिग्नल फुल आहे" म्हणून गेला होता. स्ट्रेंथमध्ये एलएनबीचा, म्हणजे डिशच्या हातावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, स्वतःचा गोंगाटही मोजला जातो. डिश भलत्याच दिशेला असली तरी ती पट्टी बऱ्यापैकी भरते. बघायची ती क्वालिटी. यापुढे या नोंदींत जो आकडा येईल तो क्वालिटीचाच, आणि 11090 फ्रिक्वेन्सी, व्हर्टिकल (उभ्या लहरींचा सिग्नल), सिम्बॉल रेट 29500 या एकाच ट्रान्सपाँडरवरचा, म्हणजे उपग्रहावरच्या एकाच प्रक्षेपकावरचा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी मोजलं तर तुलनाच करता येत नाही. तुमच्या बॉक्सवर आकडे वेगळे दिसतील. फरक बघायचा, आकडा नाही.

संध्याकाळी बॉक्स बंद पडण्याचं कारण लगेच सापडलं. सात-आठला गावात व्होल्टेज उतरतं. बॉक्सच्या अ‍ॅडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय. बॉक्स चालू ठेवून मल्टिमीटर लावला तर सकाळी 11.7, संध्याकाळी 9.4 आणि काटा स्थिर नाही. अ‍ॅडॅप्टर उघडला, आतला कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. तेवढाच बदलून चाललं असतं, पण सोल्डरिंग माझ्याकडे नाही. नवा अ‍ॅडॅप्टर 220 रुपये. विकत घेताना व्होल्टसोबत अँपिअरही बघा. जुन्यावर जितके लिहिलेत तितके किंवा जास्त हवेत, कमी नकोत.

चारातली एक तक्रार संपली. डिशचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

14 जून

एलएनबी बदलला. त्याचं प्लॅस्टिकचं टोपण उन्हाने तडकलं होतं आणि आत कोळ्याचं जाळं होतं, त्यामुळे संशय येणं साहजिक होतं. नवा 320 रुपये. क्वालिटी 34 होती ती 36 झाली. म्हणजे जुना तसा चालतच होता. तोंडाला टेप लावून सुटा भाग म्हणून ठेवून दिला आहे.

हे पैसे वाया गेले म्हणून सांगते: एलएनबी स्वस्त आणि बदलायला सोपा म्हणून लोक पहिल्यांदा तोच बदलतात. आधी केबल बघा. केबल बघायला काही खर्च नाही.

22 जून

केबल. डिश पडवीच्या कोपऱ्यावर, तिथून केबल वाशाला बांधून माळ्यावरून मधल्या खोलीत येते. लांबी जवळपास 30 मीटर. या प्रकारच्या केबलमध्ये शंभर मीटरला 25 डेसिबलच्या आसपास सिग्नल गळतो, म्हणजे आमच्याकडे सात-आठ डेसिबल. तेवढं खपून जातं. खपलं नाही ते माळ्यावरच्या जोडात.

माळ्यावर सरपणाच्या मागे काळ्या टेपची गाठ दिसली. टेप सोडवली. आत तांब्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या, वर जाळी नुसती गुंडाळलेली. जाळी अ‍ॅल्युमिनियमची, तिची पांढरी पूड झाली होती, बोट लावल्यावर हाताला लागली. आतली तार तांब्याची दिसत असली तरी ती पोलादाची, वर तांब्याचा पातळ मुलामा. पीळ दिला तिथे मुलामा गेलेला आणि लाल गंज. कौलातून टिपकणारं पाणी या गाठीवर पडत असणार.

गाठ उघडी होतीच, म्हणून एलएनबी जोडलेला ठेवूनच व्होल्टेज मोजलं. बॉक्स याच केबलमधून एलएनबीला वीज पाठवतो: व्हर्टिकलसाठी 13 व्होल्ट, हॉरिझॉन्टलसाठी 18. गाठीच्या अलीकडे 12.8. गाठीच्या पलीकडे 10.9. दोन व्होल्ट एका गाठीत जात होते आणि सिग्नलचं काय होत असेल ते वेगळंच. हे माप घेताना एलएनबी काढून टाकला तर दोन्हीकडे 13 दिसतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. भार असतानाच मोजायचं.

डिशकडच्या टोकालाही तेच. एफ-कनेक्टरवर (केबलच्या टोकाला फिरवून बसवायचा जोड) पाण्यापासून बचाव काहीच नाही, आत हिरवट जंग. शिवाय केबल वरून सरळ उतरून बॉक्समध्ये घुसत होती, त्यामुळे पाणी आतल्या जाळीतून ओघळत थेट बॉक्सपर्यंत आलं होतं. बॉक्सचं सॉकेटही हिरवं. ते जुन्या दातघासणीने आणि स्पिरिटने साफ केलं.

आज तात्पुरतं म्हणून गाठ कापून दोन कनेक्टर आणि मधला जोड लावला. 36 वरून 49. एलएनबी बदलून जे झालं नाही ते 40 रुपयांत झालं.

कनेक्टर लावताना एक बारीक गोष्ट: जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकू द्यायचा नाही. टेकला तर शॉर्ट होतो आणि बॉक्स "एलएनबी शॉर्ट" दाखवतो किंवा गुमान बंद पडतो. कनेक्टर लावताना बॉक्सचं बटण नव्हे, प्लग काढून ठेवा.

29 जून

49 झाले तरी वाऱ्यात चौकोन येतातच. आज मुद्दाम वादळी दिवस धरला. भाऊजी पडवीत उभे राहून डिशकडे बघत होते, मी आत आकडा बघत होते. वाऱ्याचा झोत आला की 49 चे 30, झोत गेला की परत 47-48.

दोन कारणं निघाली.

पहिलं, ब्रॅकेट. चिऱ्यात ठोकलेले बोल्ट सैल झालेत. जांभा दगड सच्छिद्र, पावसाने ओला होतो, त्यात बोल्ट घट्ट राहत नाही. डिशची कड हातात धरून हलवली तर बोटभर हलते. 60 सेंटिमीटरच्या डिशला एखाद्या अंशाची चूक थोडीफार चालते, पण आधीच काठावर असलेल्या सिग्नलला तीही परवडत नाही. त्यात वानरांचा कळप आठवड्यातून एकदा पडवीवरून जातो आणि डिशच्या हातावर एखादं लोंबकळतंच.

दुसरं, आंबा. पडवीच्या आग्नेयेला रायवळ आहे. डिश बसवली तेव्हा त्याची फांदी तिथवर आली नव्हती, आता आली आहे. सुकी पानं सिग्नल थोडा खातात, पावसाने निथळणारी पानं फार खातात. आणि वाऱ्यात फांदी हलली की आकडा तिच्याबरोबर हलतो.

अण्णांना फांदी तोडायचं विचारलं. "डिश हलव. झाडाला हात लावायचा नाही," म्हणाले. माझीही इच्छा नव्हतीच.

6 जुलै, आषाढी एकादशी

पहाटे सह्याद्रीवर पंढरपूरची महापूजा बघायला अण्णा आंघोळ करून बसले होते. विठ्ठलाच्या मुखावर चौकोन आले आणि आवाज गेला. ते काही बोलले नाहीत, उठून देवघरात गेले. मला फार लागलं. आज पूर्ण दिवस जागा शोधण्यात घालवला.

या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं मला आज कळलं: डिशला उंची लागत नाही, मोकळं आकाश लागतं. छपरावर चढवायची सवय आपल्याला अँटेनामुळे लागली. तेव्हा सिग्नल जमिनीवरच्या मनोऱ्यावरून आडवा यायचा. मधे डोंगर, घर, झाड आलं की संपलं, म्हणून उंच पाइप हवा असायचा. ती ॲनालॉग प्रक्षेपणं 2022 पर्यंत बहुतेक बंद झाली; आमच्या छपरावरचा अँटेना आता फक्त कावळ्यांच्या कामाचा आहे. फ्री डिश येते जीसॅट-15 वरून. तो विषुववृत्ताच्या वर 93.5 अंश पूर्व रेखांशावर, जवळपास 36,000 किलोमीटर उंच आहे. तिथून येणाऱ्या सिग्नलला छपराचे पंधरा फूट किस झाडकी पत्ती!

आमच्या गावावरून हिशेब केला तर उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने 129 अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून जवळपास 60 अंश वर. ही उंची पुष्कळ आहे. यावरून झाडांसाठी सोपा आडाखा निघतो: झाड डिशपासून जितकं लांब, त्याच्या पावणेदोन पट ते डिशच्या पातळीहून उंच असेल तरच आड येतं. दहा फुटांवरचं झाड आड यायला साडेसतरा फूट वर गेलेलं हवं. तीस फुटांवरचा माड बावन्न फुटांपर्यंत चालतो.

या मापाने बघितलं तर अंगणात विहिरीच्या बाजूला, तुळशीपासून थोडी लांब, आग्नेयेला जांभळीपर्यंत सगळं मोकळं आहे. डिश जमिनीवर उतरवायची ठरली. हाताला येईल, कनेक्टर बघता येतील, ओल्या कौलांवर कोणी चढायला नको. कौलावरून घसरून पाय मोडलेली दोन माणसं याच वाडीत आहेत.

एक इशारा. शेजाऱ्यांच्या डिशचं तोंड बघून आपली लावू नका. आमच्या समोरच्या घरावर खासगी कंपनीची डिश आहे, ती 83 अंशांवरच्या उपग्रहाकडे बघते. ती आमच्यापेक्षा वीसेक अंश दक्षिणेकडे वळलेली दिसते, आणि तेच बरोबर आहे.

13 जुलै

खांब. दीड इंची जीआय पाइप, चार फूट. खालच्या टोकाला दोन सळ्या आडव्या वेल्ड करून घेतल्या, नाहीतर वाऱ्याने पाइप काँक्रीटमध्ये गोल फिरतो. पाइप आणि वेल्डिंग 650, सिमेंट-वाळू-खडी 300. पहारीने खणलं; दीड फुटावर कातळ लागला, तिथेच थांबलो.

पाइप अगदी ओळंब्यात हवा. तो कलला तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि मग दोन्ही कोन एकमेकांत अडकतात. दोन बाजूंनी ओळंबा लावून, तीन काठ्यांचा आधार देऊन काँक्रीट ओतलं. वर ताडपत्री आणि झापं. पावसात काँक्रीट घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो. आठवडाभर हात लावला नाही.

केबल नवी, 20 मीटर, मीटरला 22 रुपये. विहिरीकडून घरापर्यंत एक इंची पीव्हीसी पाइपातून, वीतभर खोल, कारण घुशी केबल कुरतडतात. घरात शिरण्याआधी भिंतीबाहेर केबलला खाली वाक दिला आहे, पाणी तिथेच टिपकून पडेल, आत येणार नाही. मधे कुठेही जोड नाही.

20 जुलै

डिश लावली. या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळे इथेच अडकतात.

टीव्ही आणि बॉक्स दोन्ही अंगणात आणले. खाट, खाटेवर टीव्ही, वर मोठी छत्री, एक्स्टेंशन बोर्ड पाण्यापासून लांब. आतून ओरडून आकडे सांगायची पद्धत सोडा. आकडा दिसायला दोन सेकंद लागतात, सांगायला एक, तोवर हात पुढे गेलेला असतो.

दिशा. मोबाइलमधला कंपास लोखंडी खांबाजवळ भलतंच दाखवतो. खांबापासून आठ-दहा पावलं मागे जाऊन 129 अंशांची रेघ धरली आणि खांबाच्या बुंध्यापासून पुढे खुंटीपर्यंत सुतळी ताणली. सुतळी ही आपली दिशा. डिशचा हात तिच्या वर आला पाहिजे.

उंची. ब्रॅकेटवर अंशांची पट्टी असते, ती 60 वर लावली. डिश बघून वाटतं ती फारच सरळ उभी आहे, आकाशाकडे बघतच नाही. बुचकळ्यात पडू नका. या डिशचा एलएनबी मध्यावर नसून खाली सरकवलेला असतो, त्यामुळे डिशचं तोंड दिसतं त्यापेक्षा ती वीसेक अंशांहून जास्त वर बघते. पट्टीवर हा फरक धरलेला असतो.

एलएनबीचा पीळ. दुकानातला मुलगा याकडे बघतच नाही, केबल खाली यावी म्हणून एलएनबी सरळ लावून जातो. सिग्नल व्हर्टिकल आहे तो उपग्रहाच्या जागेवरून. आपण त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे आपल्याला तो तिरका मिळतो. आमच्याकडे हा तिरकेपणा 48 अंशांच्या आसपास येतो. डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभं राहायचं आणि एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. समोरून डिशकडे बघत असाल तर तोच घड्याळाच्या दिशेने. उलटं फिरवलं तर आकडा शून्यावर जातो, म्हणजे चूक लगेच कळते.

आता शोध. भाऊजींनी कुठून तरी काटेवाला सॅट-फाइंडर, म्हणजे उपग्रह शोधायचं छोटं यंत्र, आणला होता. तो लगेच टीं-टीं करायला लागला, स्ट्रेंथ 85, क्वालिटी शून्य. फाइंडरला उपग्रह कुठला ते कळत नाही. आमच्या उपग्रहापासून दीड अंशावर, 95 ला, खासगी डीटीएचचा उपग्रह आहे. काटा त्यावरही तितक्याच आनंदाने वाजतो. फाइंडर बाजूला ठेवला. बॉक्सवर 11090 ठेवून डिश केसभर फिरवायची, तीन सेकंद थांबायचं, आकडा बघायचा, पुन्हा केसभर. सुतळीच्या दोन्ही बाजूंना असं करत गेलं की एका जागी आकडा एकदम उगवतो. आमच्याकडे 41 वर उगवला. मग उंची थोडी खालीवर: 58. मग पीळ: 66. मग पुन्हा दिशा: 71.

बोल्ट आवळताना 71 चे 64 झाले, कारण एका बाजूचा बोल्ट पूर्ण आवळला की डिश त्या बाजूला ओढली जाते. सगळे सैल करून आळीपाळीने पाव-पाव फेरा देत आवळले. 72. मार्करने खांबावर आणि ब्रॅकेटवर एक सरळ रेघ मारून ठेवली आहे, कोणी धक्का दिला तर परत जुळवता येईल.

एलएनबीच्या कनेक्टरवर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबराची टेप, 160 रुपये. साधी काळी टेप उन्हाने सुटते. एलएनबीवर प्लॅस्टिकची बाटली कापून टोपी घालतात, तशी घालू नका. बाटलीत पाणी आणि मुंग्या दोन्ही साठतात.

27 जुलै

उरलेल्या दोन तक्रारी. चॅनेलं कमी येण्याचं कारण बॉक्स. आमचा जुना एमपेग-2 चा आहे; एमपेग म्हणजे चित्र दाबून लहान करून पाठवायची पद्धत. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-2 मध्ये आणि काही फक्त एमपेग-4 मध्ये येतात. जुना बॉक्स दुसऱ्या प्रकारच्या उलगडूच शकत नाही, डिश कितीही नीट लावा. एमपेग-4 चा बॉक्स 1,150 रुपये. लावल्यावर पूर्ण स्कॅन केलं, एलएनबीची सेटिंग 9750 आणि 10600 आहे ना ते बघून.

धुरकट चित्राचा सिग्नलशी संबंध नव्हता. जुन्या बॉक्सपासून टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी वायर होती. नव्याला एचडीएमआय, 200 रुपये. टीव्हीत चित्राचा आकार "फुल" वर होता म्हणून चौकोनी कार्यक्रम आडवा ताणला जायचा, "ऑटो" केला. शार्पनेस शेवटपर्यंत चढवलेला होता, त्याने अक्षरांच्या कडांना पांढरी झालर येते. तो मध्याच्या खाली आणला. "व्हिव्हिड" काढून "स्टँडर्ड". अण्णा म्हणाले, बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा आज माणसासारखा दिसला.

19 ऑगस्ट

काल आणि आज मुसळधार. हीच खरी परीक्षा. साध्या पावसात 72 चे 65, काही फरक जाणवत नाही. काल दुपारी समोरची जांभळ दिसेना इतका पाऊस आला तेव्हा 28 वर गेला आणि चित्र सात-आठ मिनिटं गेलं. पाऊस ओसरताच आपोआप आलं.

हे कुठल्याही जोडणीने जाणार नाही. या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल दाट पावसात शोषला जातो. 90 सेंटिमीटरची डिश लावली तर साडेतीन डेसिबलची भर पडते, म्हणजे यातली काही मिनिटं वाचतील. पण मोठी डिश वारा जास्त धरते, तिला जाड खांब लागेल आणि ती लावायलाही जास्त काटेकोरपणा लागतो. पावसाळ्यातल्या थोड्या मिनिटांसाठी आम्ही तो खर्च करणार नाही. घाटमाथ्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

असा पाऊस चालू असताना कोणालाही डिशला हात लावू देऊ नका. सिग्नल गेला म्हणून ती हलवली जाते, पाऊस थांबतो, आणि मग ती खरोखरच चुकलेली असते. आमच्याकडे आधीच्या वर्षांत हेच होत आलं असावं.

26 ऑगस्ट

उद्या गणपती. मुंबईचे सगळे आले. चुलत दिरांना माजघरात दुसरा टीव्ही हवा होता. साधा दोन तोंडांचा स्प्लिटर लावला की सिग्नल निम्मा होतो आणि दोन बॉक्स वेगवेगळं व्होल्टेज मागायला लागले की एकाचं चित्र जातं. यासाठी दोन तोंडांचा एलएनबी आणि दुसरी स्वतंत्र केबल लागते. सणानंतर बघू म्हटलं. सध्या सगळे एकाच टीव्हीसमोर आरतीनंतर बसतात.

1 ऑक्टोबर

आज एक करून बघायचं बरेच दिवस मनात होतं. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. आमच्याकडे ती वेळ सकाळी अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना. मार्चच्या मध्यावर पुन्हा येईल, तेव्हा सव्वाअकराच्या आसपास. सूर्याचा गोंगाट डिशमध्ये शिरतो आणि आकडा पडतो. ऊन स्वच्छ होतं: 72 वरून उतरत 38, मधे दोनदा चौकोन, मग चढत परत 71. हे माहीत नसेल तर भर उन्हात डिश बिघडली असं वाटून लोक खांबावर हात मारतात.

याचा उपयोग मोठा आहे. त्या घटकेला ऊन ज्या वाटेने डिशवर येतं, सिग्नल त्याच वाटेने येतो. आमच्या डिशवर कुठेही सावली नव्हती आणि परतलेला उजेडाचा ठिपका एलएनबीच्या तोंडावर पडला होता, थोडा डावीकडे. मग धावत पडवीत गेले. जुनं ब्रॅकेट अजून तिथेच आहे. त्याच्यावर आंब्याच्या फांदीची दाट सावली होती, पानापानांची हलणारी.

नवी डिश कुठे लावायची हे ठरवत असाल आणि हे दिवस जवळ असतील तर कंपास, हिशेब काही नको. त्या वेळेला अंगणात फिरून जिथे ऊन पडलंय ती जागा निवडा.

12 ऑक्टोबर

परतीच्या पावसात विजा फार. खांबाला तांब्याची तार लावून घराच्या अर्थिंगला जोडली आहे, तरी गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि मागची केबल दोन्ही काढून ठेवतो. नुसता प्लग काढून भागत नाही. केबलमधून आलेला झटका बॉक्स आणि एचडीएमआयमधून टीव्हीपर्यंत जातो. केबल काढायची ती विजा जवळ येण्याआधी, कडकडाट चालू असताना तिला हात लावू नये. अण्णांना आता सवय झाली आहे, ढग बघूनच काढतात.

खर्च: एलएनबी 320, अ‍ॅडॅप्टर 220, केबल 440, कनेक्टर आणि जोड मिळून 90, रबर टेप 160, खांब आणि वेल्डिंग 650, सिमेंट वगैरे 300, पीव्हीसी पाइप 240, बॉक्स 1,150, एचडीएमआय वायर 200. एकूण 3,770. त्यातले एलएनबीचे 320 लागले नसते तरी चाललं असतं. खांबासाठी जुन्या अँटेनाचा पाइप वापरता येतो, आमचा खालून गंजला होता म्हणून नवा घेतला.

राहिलेलं काम: दोन तोंडांचा एलएनबी, आणि वाडीतल्या ज्या घरांनी विचारलंय त्यांच्या केबलचे जोड बघणं. पहिल्या घरी रविवारी जाणार आहे. त्यांच्याकडेही माळ्यावर काळ्या टेपची गाठ आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं.